शिंपला व्हिनेगरमध्ये बुडवून समुद्र कळत नाही

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. शिंपला व्हिनेगरमध्ये टाकायचा, बुडबुडे दाखवायचे आणि पाटी लावायची: ‘समुद्र आम्ल बनतोय, शिंपले विरघळताहेत!’ बुडबुडे खरे असतात, पण मुलांच्या मनात ठसतं ते चुकीचं. व्हिनेगरचा सामू, म्हणजे पीएच (७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी), अडीच-तीनच्या घरात. समुद्राच्या वरच्या थराचा सुमारे ८.१, म्हणजे तो आजही आम्लारिधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हा आकडा ८.२ च्या आसपास होता; हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून तो घसरला. फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे, म्हणजे सामू एकाने घसरला की आम्लता दसपट होते. १० चा ०.१ वा घात १.२६ येतो, म्हणजेच आम्लता ज्यांच्यामुळे येते ते हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. वरच्या वर्गांत हे गणित फळ्यावर जरूर सोडवून घ्यावं.

त्यापेक्षा दोन ग्लासांचा प्रयोग करा. दोन्हींत डिस्टिल्ड पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे दर्शक (आम्लारीत निळं, आम्लात पिवळं होणारं). एकात मीठ टाका आणि चुन्याच्या निवळीच्या एखाद्या थेंबाने ते निळं करून घ्या. दुसऱ्यात चमचाभर खायचा सोडा. आता दोन्हींत स्ट्रॉने फुंका, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो (ओढायचं नाही, हे आधी बजावून सांगा). मिठाचं पाणी बघता बघता पिवळं पडतं, सोड्याचं मात्र बराच वेळ निळंच राहतं. समुद्र खारट आहे म्हणून तग धरतो, असं मुलांना वाटत असतं. ते इथे साफ खोटं ठरतं. मीठ काहीच करत नाही, सांभाळून घेतं ते बायकार्बोनेट.

खरी गंमत यापुढे आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या अजैविक कार्बनपैकी साधारण ९० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो, ९ टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि जेमतेम १ टक्का कार्बन डायऑक्साइड. हवेतून नवा कार्बन डायऑक्साइड आला की पाण्याशी मिळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतो. हा आयन मोकळा फिरत नाही, बहुतेक वेळा कार्बोनेटला जाऊन चिकटतो आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. सामू फारसा घसरत नाही, पण कार्बोनेट खर्ची पडतं. प्रवाळ आणि कालवं यांची कवचं कॅल्शियम कार्बोनेटची. कार्बोनेट कमी झालं की कवच घडवायला जास्त ऊर्जा लागते आणि वाढीसाठी कमी उरते. समुद्र आपल्या उत्सर्जनातला साधारण चौथा हिस्सा पोटात घेतो, त्याची ही किंमत.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ‘अल्कलाइन पाणी प्या, शरीरातलं आम्ल घालवा’ हा प्रचार याच रसायनशास्त्रापुढे कोसळतो. रक्ताचा सामूही बायकार्बोनेटच सांभाळतं, फुप्फुसं आणि मूत्रपिंडांच्या मदतीने. बाटलीतल्या पाण्याने तो हलत नाही.

शाश्वततेचा धडा पोस्टर रंगवून संपवू नये, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास एका हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, कालवांची पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला. मग पाणी तपासलं, तेव्हा कळलं की वारे खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी वर आणतात, तेव्हाच पिल्लं दगावतात. हॅचरीने पाण्याची रोजची मोजणी सुरू केली आणि टाक्यांत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळायला घेतला. पिल्लं पुन्हा जगू लागली. टाकीत हे जमतं. अख्ख्या समुद्रात किती सोडा टाकावा लागेल, हा हिशोब मुलांनाच मांडायला सांगा.