मेंदू आणि वर्तन यांच्यामधला दुवा: उटा फ्रिथ यांचे संशोधन

साठच्या दशकात उटा फ्रिथ मानसशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीहून लंडनला आल्या, तेव्हा स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले अशी का वागतात या प्रश्नाला जी उत्तरे मिळत, त्यांतले एक उत्तर थेट आईकडे बोट दाखवत असे. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल स्वतःच्या कोशात गेले, असे नामवंत तज्ज्ञ सांगत आणि त्या काळातल्या असंख्य आया तो दोष मुकाट्याने माथी घेऊन जगल्या. कारण मेंदूत असले पाहिजे असे म्हणणारेही होते. पण मेंदूतली एखादी गोष्ट आणि नजर न देणारे, तीच ती ओळ दिवसभर घोळवणारे समोरचे मूल यांची सांगड कशी घालायची, हे त्यांना सांगता येत नव्हते. फ्रिथ यांनी आपले संशोधन या मधल्या जागेत उभे केले. हे मूल समोर आलेली माहिती मनात कशी घेते, कशी साठवते आणि तिचा अर्थ कसा लावते, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न त्यांना शिकवला तो त्यांचे मार्गदर्शक बिआटे हर्मेलिन आणि नील ओ’कॉनर यांनी. त्यांचा एक प्रयोग आजही वाचताना थक्क व्हायला होते, कारण त्याला यंत्र लागत नाही, केवळ शब्द लागतात. मराठीत त्याची कल्पना अशी करता येईल: मुलाला एकदा ‘चमचा, निळा, छत्री, धाव, वीट’ असे सुटे शब्द ऐकवायचे, एकदा ‘आजी अंगणात तांदूळ निवडत बसली’ असे सलग वाक्य ऐकवायचे आणि दोन्ही वेळा आठवेल ते म्हणायला सांगायचे. बहुतेक मुलांना वाक्य खूप जास्त लक्षात राहते, कारण अर्थ शब्दांना एकत्र बांधतो. स्वमग्न मुलांना मात्र अर्थाचा हा आधार फारसा उपयोगी पडत नव्हता. सुटे शब्द त्यांना जवळजवळ तितक्याच चांगल्या प्रकारे आठवत होते. याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती अधू नव्हती, ती वेगळ्या रीतीने काम करत होती. फ्रिथ यांनी 1968 मध्ये पीएच.डी. पूर्ण केली ती याच वाटेवर.

त्यांचे नाव जगभर झाले ते 1985 सालच्या एका शोधनिबंधामुळे. सायमन बॅरन-कोहेन हे त्यांचे विद्यार्थी आणि अ‍ॅलन लेस्ली हे सहकारी यांच्यासह त्यांनी मुलांना दोन बाहुल्यांचा एक छोटा प्रवेश करून दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती नसताना अ‍ॅन ती गोटी काढून आपल्या डब्यात लपवते. सॅली परत येते. आता ती गोटी कुठे शोधेल? अशी कोणतीही अडचण नसलेल्या, साधारण साडेचार वर्षांच्या 27 मुलांपैकी 23 मुलांनी आणि डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढ मंद ठेवणारी जन्मजात स्थिती) असलेल्या 14 मुलांपैकी 12 मुलांनी टोपलीकडे बोट दाखवले. वयाने बरीच मोठी असलेल्या 20 स्वमग्न मुलांपैकी 16 मुलांनी डब्याकडे बोट दाखवले. गोटी आता खरोखर कुठे आहे आणि सुरुवातीला कुठे होती, हे दोन प्रश्नही विचारले होते, आणि त्यांची उत्तरे सर्व मुलांनी बरोबर दिली होती. म्हणजे गोष्ट समजली होती, लक्षातही होती. अडचण एकाच ठिकाणी होती: सॅलीच्या डोक्यात जे आहे ते आपल्या डोक्यात असलेल्यापेक्षा वेगळे असू शकते, हे ओळखण्यात. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात ‘मनाचा सिद्धान्त’ म्हणतात. डाउन सिंड्रोमची मुले उत्तीर्ण झाली, त्यामुळे ही अडचण सर्वसाधारण बुद्धिमत्तेची नसून बरीच नेमकी आहे, असे म्हणायला आधार मिळाला.

मला मात्र त्या 16 मुलांइतकीच उरलेली चार मुले महत्त्वाची वाटतात. एखादी क्षमता स्वमग्नतेत मुळातच नसते असे मानले, तर ही चार मुले बरोबर उत्तर देतात कशी? या प्रश्नाचे एक उत्तर यायला 24 वर्षे लागली. 2009 मध्ये अत्सुशी सेन्जू, व्हिक्टोरिया साउथगेट, सारा व्हाइट आणि फ्रिथ यांनी अ‍ॅस्पर्गर (बुद्धी आणि भाषा चांगली असलेला स्वमग्नतेचा प्रकार) असे निदान झालेल्या प्रौढांची नजर टिपली. तोंडी विचारल्यावर ही माणसे अशा कोड्यांची उत्तरे बिनचूक देत. पण चित्रफीत शब्दांवाचून पाहताना, समोरची व्यक्ती आपल्या चुकीच्या समजुतीनुसार कुठे हात घालील तिकडे त्यांची नजर आपसूक आधी वळत नव्हती, तर इतर प्रौढांची वळत होती. विचार करून उत्तर काढणे आणि ते आपोआप उमटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर माणसांत वावरताना जो हिशेब इतरांच्या मनात नकळत होत राहतो, तो कोणाला प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक मांडावा लागत असेल, तर संध्याकाळी येणारा त्याचा थकवा समजून घेणे अवघड नाही.

तरीही मनाचा सिद्धान्त सारे काही उलगडत नाही. चित्रात दडलेला आकार स्वमग्न मुले झटकन शोधतात, रंगीत ठोकळ्यांची नक्षी भराभर जुळवतात. याचा दुसऱ्याच्या मनाशी काय संबंध? अमिता शाह यांच्याबरोबर केलेल्या 1993 सालच्या प्रयोगात फ्रिथ यांनी जुळवायची नक्षी आधीच सुट्या चौकोनांत तोडून दाखवली. इतर सहभागींना त्याचा मोठा फायदा झाला. स्वमग्न व्यक्तींना तितका झाला नाही, कारण नक्षीचे तुकडे त्या स्वतःच्या नजरेनेच पाडत होत्या. समग्र चित्राकडे ओढ कमी आणि तपशिलावर पकड घट्ट, अशी ही मांडणी आहे, आणि तिच्यात उणिवेबरोबर बलस्थानही दिसते, म्हणून ती मला अधिक न्याय्य वाटते. पुढे फ्रान्चेस्का हॅपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये, स्वमग्नतेचे एकच एक स्पष्टीकरण शोधणे सोडून द्यायची वेळ आली आहे, असे स्पष्टपणे लिहिले. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये आणखी एक बाजू मांडली: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचता येत नाही असे म्हणताना, इतरांना तरी तिचे मन कुठे वाचता येते?

डिस्लेक्सियाच्या बाबतीत मधला दुवा अधिक पक्का सापडला. बुद्धी चांगली, शिकवणी नेटकी, दृष्टी ठीक, तरी वाचन अडखळते. याच्या मुळाशी बहुतेक वेळा शब्दाचे ध्वनी सुटे करण्याची आणि हाताळण्याची अडचण असते. इथे एक शंका मात्र रास्त होती. इंग्रजीचे स्पेलिंग इतके बेभरवशाचे आहे, की हा दोष मुलाचा नसून भाषेचा तर नसेल? इंग्रजीतले सुमारे 40 ध्वनी लिहिण्याच्या 1,120 रीती मोजल्या गेल्या आहेत, तर इटालियनच्या 25 ध्वनींना 33 अक्षररचना पुरतात. कारिन लान्डेर्ल, हाइन्झ विमर आणि फ्रिथ यांनी 1997 मध्ये जर्मन आणि इंग्रजी भाषक डिस्लेक्सिक मुलांची तुलना केली. इंग्रजी मुले पुष्कळ चुका करत होती. जर्मन मुलांच्या चुका कमी, पण गती संथ होती. ध्वनींची अदलाबदल करायला सांगितली की अडत दोघेही होते. 2001 मध्ये एराल्डो पाउलेसू, फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी प्रौढांच्या मेंदूची चित्रे घेतली. इटलीत असे निदान क्वचितच होत असल्यामुळे तिथले डिस्लेक्सिक वाचक विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन शोधावे लागले. ते इंग्रजी आणि फ्रेंच डिस्लेक्सिक वाचकांपेक्षा अचूक वाचत होते. तरी वाचताना डाव्या मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातली सक्रियता तिन्ही भाषांच्या डिस्लेक्सिक वाचकांत सारखीच कमी होती. मेंदू सारखा, ध्वनींची अडचण सारखी, वरून दिसणारे वाचन मात्र भाषेगणिक वेगळे. मेंदू, मन आणि वर्तन हे तीन स्तर वेगळे ठेवून विचार करायची जी पद्धत फ्रिथ यांनी जॉन मॉर्टन यांच्यासह मांडली होती, तिचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते ‘पाठ’ आणि ‘मीठ’ हे दोन शब्द घेऊन पाहता येईल. मुलाला सांगायचे, यांचे पहिले ध्वनी एकमेकांत बदल. उत्तर ‘माठ’ आणि ‘पीठ’. पण मुलाने पहिले अख्खे अक्षर उचलून बदलले, तर ‘मीठ’ आणि ‘पाठ’ असे तेच शब्द परत येतात. ‘पा’ फोडून त्यातला ‘प्’ वेगळा काढावा लागतो, आणि देवनागरी अख्ख्या अक्षरांनी शिकवली जात असल्यामुळे ही फोड उशिरा जमते. सोनाली नाग यांच्या अभ्यासात कन्नड मुलांबाबतही ध्वनींची सुटी जाणीव सावकाश येताना दिसली आहे. मराठी बऱ्यापैकी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते हे खरे, तरी ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, ‘पिशवी’तली वेलांटी आधी लिहून नंतर उच्चारायची आणि ‘अर्थ’मधला रफार ‘थ’च्या डोक्यावर असला तरी वाचायचा ‘थ’च्या आधी.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे एकच मूल एकाच वेळी दोन लिप्यांशी झुंजते. इंग्रजीत त्याच्या चुका लाल शाईत लगेच दिसतात. मराठीत तेच मूल बरोबर वाचते, पण ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, वर्ग पुढे गेल्यावरही. आणि चुका नाहीत म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आणि 2015 मध्ये आलेला ‘डाली’ हा डिस्लेक्सिया ओळखण्याचा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत सुरू झाला, तो यासाठीच. त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणीची साधने आहेत आणि मानसशास्त्रज्ञांसाठी सविस्तर चाचण्या आहेत, म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाची परीक्षा आता त्याच्याच भाषेत घेता येते.