रोजचा पंप मधेच बंद करू नका : दमा आणि सीओपीडीच्या ग्राहकांसाठी आमच्या मेडिकलचं माहितीपत्रक

"पंपात स्टेरॉईड असतं म्हणे, मग घ्यायचा की नाही?" हा प्रश्न काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतंच, आणि मागे गर्दी असली की नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे छापून ठेवलंय. घरी न्या, घरातल्या वयस्कर माणसांनाही वाचून दाखवा.

पंप दोन प्रकारचे, हे तुम्हाला माहीतच आहे. निळा साल्ब्युटामॉलचा, धाप लागली की काही मिनिटांत मोकळं वाटतं. दुसरा रोजचा, त्यात ब्युडेसोनाईड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन असतं, हाच स्टेरॉईडचा, आणि सगळा घोळ होतो तो याच्याच बाबतीत.

होतं काय, डॉक्टर रोजचा पंप चालू करतात, काही आठवड्यांत रात्रीचा खोकला थांबतो, जिना चढताना दम लागत नाही, की लगेच "आता बरंय, उगाच स्टेरॉईड कशाला" म्हणून तो पंप कपाटात जातो आणि खिशात फक्त निळा राहतो. मग थंडी पडली, दिवाळीत फटाक्यांचा धूर झाला, की रात्री अकराला शटर वाजतं, "निळा द्या लवकर". आम्ही उठून देतो, तुमची चिठ्ठी आमच्याकडे नोंदलेली असते, आणि श्वास अडकलेल्या माणसाला थांबवून चालत नाही. पण ती रात्र बहुतेक वेळा टाळता आली असती.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. निळा पंप नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, सूज आहे तशीच राहते. सूज उतरवतं ते स्टेरॉईड, आणि ते हळूहळू काम करतं, म्हणून "घेतला पण काहीच वाटलं नाही" असं होतं. तुम्हाला बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच, बंद केला की सूज परत येते. दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या 'जीना' संस्थेने 2019 पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. वर्षात तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर मोठा अटॅक यायचा धोका वाढलेला असतो, असा तिसरा पंप मागायला आलात तर आम्ही डॉक्टरांकडे जायला सांगणारच, विक्री नको म्हणून नाही, काळजी वाटते म्हणून.

आता भीतीचं बघू. जिममधली मुलं घेतात ते स्टेरॉईड वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. सवय लागते हेही खरं नाही. आणि डोस बघा, 200 मायक्रोग्रॅम दोन वेळा म्हणजे दिवसाला 0.4 मिलिग्रॅम. अटॅक आल्यावर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोनची (हेही स्टेरॉईडच) गोळी देतात ती बरेचदा दिवसाला 40 मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत त्यामुळे आकड्याला आकडा लावून हिशोब होत नाही, पण अंदाज येतो, आणि पंपाचं औषध थेट छातीत जात असल्यामुळे बाकी अंगाला कमी लागतं. रोजचा पंप टाळून दर सीझनला गोळ्यांचा कोर्स घेणारा माणूस जास्त स्टेरॉईड खात असतो.

तोटे आहेत, ते लपवणार नाही. तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. त्यावर उपाय म्हणजे पंप घेतला की चूळ भरायची, घशापर्यंत गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. दात घासायच्या आधी पंप ठेवला की आपोआप जमतं. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, काचबिंदू, कातडीवर निळसर डाग असे त्रास होऊ शकतात, म्हणून डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, दम आटोक्यात आल्यावर, टप्प्याटप्प्याने. लहान मुलांची उंची साधारण एखाद सेंटीमीटरने कमी राहू शकते, पण सारखा दम लागून शाळा बुडणारं, रात्र रात्र बसून काढणारं पोर त्याहून जास्त सोसतं असं आमचं मत आहे.

सीओपीडी असेल, म्हणजे वर्षानुवर्षं बिडी-सिगरेट किंवा चुलीचा धूर छातीत जाऊन श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, तर हिशोब वेगळा. तिथे नुसता स्टेरॉईडचा पंप देत नाहीत, नळ्या मोकळ्या ठेवणाऱ्या औषधासोबत देतात, आणि तोही सगळ्यांना नाही, कारण यांच्यात न्यूमोनियाचा धोका वाढतो. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा असतो) 300 च्या वर आणि वारंवार त्रास वाढत असेल तर फायदा चांगला होतो, 100 च्या खाली असतील तर फारसा नाही. पूर्वी टीबी किंवा न्यूमोनिया झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेजाऱ्याचा पंप चालला म्हणून तोच मागू नका.

चिठ्ठी का मागता, बाकी गोळ्या का विचारता, यावरून काही जण चिडतात. चिठ्ठी कायद्याने लागतेच. आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर किंवा बुरशीवरचं इट्राकोनाझोल सोबत चालू असेल तर पंपातलं थोडंसं स्टेरॉईडही अंगात साठतं, म्हणून विचारतो.

पंपातला गॅस संपला का बघायला डबी पाण्यात तरंगवू नका, त्यावरून काही कळत नाही. 120 डोसचा पंप दिवसाला चार पफ घेतले तर 30 दिवस पुरतो, आम्ही बॉक्सवर संपायची तारीख पेनने लिहून देतो. रोटाकॅप, म्हणजे ओढायच्या पावडरची कॅप्सूल, गिळायची नसते, मशीनमध्ये फोडून ओढायची असते, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात पावडर ओलसर होऊन कॅप्सूललाच चिकटते. पंप दाबायचं आणि श्वास आत घ्यायचं टायमिंग जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, घशात कमी आणि छातीत जास्त औषध जातं, लहान मुलांसाठी मास्कवालाही आमच्याकडे असतो. पंप कसा ओढायचा ते आम्ही फुकट दाखवतो, पंप दुसरीकडून घेतला असला तरी, फक्त संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी या.

आणि निळा पंप घेऊनही धाप उतरत नसेल, एक वाक्य धड बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर आमचं शटर वाजवत बसू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा, वाटेत निळा पंप चालू ठेवा.