मक्याची पेज, माल्ट आणि थर्मामीटर: बोर्बन-मॅश किट घेणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी, किट घेतल्याबद्दल आभार. बोर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, आणि मॅश म्हणजे तिच्यासाठी गरम पाण्यात शिजवलेल्या धान्याचं मिश्रण. बॉक्समध्ये इंग्रजी पत्रक आहेच, पण आमच्या दुकानात मंडळाची बरीच माणसं येतात आणि काउंटरवर उभं राहून मराठीत तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं मराठीतच लिहून टाकावं. आमचं दुकान केंटकीत, लुईव्हिलच्या बाजूला (इथली माणसं त्याला 'लुअव्हल' म्हणतात, दोन वर्षं राहिलं की आपणही तसंच म्हणायला लागतो). मी आणि बायको असे दोघंच चालवतो, त्यामुळे फोन लागला नाही तर रागावू नका.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण विचारणारे रोज असतात. किटमधून जे बनतं ती बिअर आहे, बोर्बन नाही. डिस्टिलरीत याच द्रवाला डिस्टिलर्स बिअर म्हणतात. अमेरिकेत घरच्यासाठी बिअर बनवायला 1978 च्या कायद्याने मोकळीक दिलीय, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200, पण विकायची नाही, आणि आपल्या राज्याचा नियम बघून घ्यायचा. ती उकळून वाफ थंड करून दारू काढणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट, त्याला फेडरल परवाना लागतो आणि राहत्या घरात डिस्टिलरीला परवाना मिळतच नाही. नुसतं पिण्यासाठी म्हणून सुद्धा नाही, अगदी छोटं भांडं असलं तरी नाही, आणि डिस्टिल करायच्या हेतूने मॅश लावणं हाही गुन्ह्यातच धरतात. आम्ही भट्टी विकत नाही, कॉपरचा पाइप 'कशाला हवाय' ते न सांगता मागितलात तर मी हसून विषय बदलतो. आणि किट बॅगेत घालून पुण्याला न्यायचा विचार असेल तर तो सोडा, तिकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना घरी बिअर लावणंही त्यात बसत नाही.

मग फक्त बिअरच करायची तर बोर्बनचं नाव कशाला? कारण बोर्बनची निम्मी चव भट्टीच्या आधीच ठरते असं माझं ठाम मत आहे. कायद्याने बोर्बनमध्ये धान्याचा किमान 51 टक्के भाग मका हवा, ओकचं आतून जाळलेलं नवंकोरं पिंप हवं, आणि ते अमेरिकेत बनलेलं हवं. पिंपाचं सगळे बोलतात, मक्याचं कोणी बोलत नाही. फोर रोझेस डिस्टिलरीवाले दोन धान्य-मिश्रणं आणि पाच यीस्ट यांच्या जोड्या लावून दहा वेगवेगळ्या बोर्बन बनवतात. मेकर्स मार्क नावाच्या बोर्बनमध्ये राय (गव्हासारखं एक धान्य) अजिबात नाही, त्याजागी गहू, म्हणून ती जिभेला गुळगुळीत लागते. हे सगळे फरक आंबवायच्या टाकीतच घडतात, आणि टाकीपर्यंतचं काम तुम्ही घरी कायदेशीर करू शकता.

किटमध्ये 3.5 किलो दळलेला मका, अर्धा किलो राय आणि 1 किलो बार्ली माल्ट आहे. डिस्टिलरीत माल्ट यापेक्षा खूप कमी घालतात, पण त्यांचा माल्ट एन्झाइमने ठासून भरलेला असतो, आपल्याला मिळतो तो तेवढा दमदार नसतो म्हणून आम्ही मुद्दाम वीस टक्के ठेवलाय. 'माल्ट कमी करून मका वाढवू का' हे विचारू नका, ते करून झालंय, पेज होते आणि पेजच राहते.

आता माल्ट म्हणजे काय ते आपल्याला वेगळं शिकायला नको. नाचणी भिजवून मोड आणून, वाळवून दळतो ना बाळाच्या सत्त्वासाठी, तेच. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ होते हे आईला, आजीला माहीत होतं, कारण मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते पिठाच्या लांब साखळ्या कापून त्याची साखर करतं. बार्लीत हे भरपूर असतं, मक्यात जवळजवळ नाही. म्हणजे मका हा साठा आणि माल्ट ही कात्री. आणि कात्रीची गंमत अशी की ती उष्णतेने वितळते. 65 अंश सेल्सिअसला (फॅरनहाइटमध्ये 149) मस्त चालते, 80 ला गेलात की काही मिनिटांत बोथट, मग कितीही ढवळा. या अख्ख्या पत्रकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: माल्ट घालायच्या आधी थर्मामीटर बघा.

मी पहिल्यांदा अपार्टमेंटच्या गॅसवर हे केलं तेव्हा बघितला नव्हता. घाई होती, मका शिजला, वाटलं थोडं थंड झालंय, सगळा माल्ट ओतला. तासाभराने झाकण काढलं तर चमचा उभा राहील असं पिठलं, बायको म्हणाली वर फोडणी घाल आणि खाऊन टाक. शेवटी अमायलेज पावडर मागवून ते वाचवलं. तेव्हापासून प्रत्येक किटमध्ये एक छोटी पुडी घालतो, ती शक्यतो उघडायला लागू नये एवढीच इच्छा.

करायचं कसं ते सांगतो. मोठ्या भांड्यात 15 लिटर पाणी. शहराचं नळाचं पाणी असेल तर कॅम्पडेन टॅब्लेटचा (क्लोरीन घालवणारी गोळी) पाव तुकडा विरघळवून घ्या, नाहीतर क्लोरीनचा शेवटी बँडएडसारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. केंटकीचं पाणी चुनखडीतून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम असतं आणि लोह जवळपास नसतं, म्हणून इथे व्हिस्की रुजली असं सगळे अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे, लोहाने रंग आणि चव दोन्ही बिघडतं. बोअरवेलचं पाणी तांबूस दिसत असेल तर बाटलीबंद पाणी आणा.

पाणी 65 अंशांपर्यंत तापलं की आधी 100 ग्रॅम माल्ट टाका, मग मका. एका हाताने भुरभुरत घालायचा आणि दुसऱ्या हाताने लाकडी डावाने ढवळत राहायचं, पिठलं करताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून करतो तसंच, कारण गुठळीच्या आत पाणी शिरलं नाही की तो मका वाया. हळूहळू घट्ट होत जाईल आणि मनात येईल की आता डाव मोडणार, पण ते आधीचं मूठभर माल्ट तेवढ्यात कामाला लागलेलं असतं, आणि दहाएक मिनिटांत तीच घट्ट पेज तुमच्या डोळ्यासमोर सैल होऊन कढीसारखी वाहायला लागते. हे बघायला पोरांना बोलवा, मला अजूनही बघायला आवडतं. मग आच वाढवून 88 ते 90 अंशांवर (195 फॅरनहाइटच्या आसपास) तासभर ठेवा. मक्याच्या दाण्यातला स्टार्च घट्ट बांधलेला असतो, तो पाणी पिऊन फुगल्याशिवाय एन्झाइमला सापडत नाही, म्हणून हा तास चुकवायचा नाही. तळाशी लागू देऊ नका, करपलं की तो वास शेवटपर्यंत सोबत येतो.

मग गॅस बंद. 75 अंशांवर आलं की राय घाला. राय चिकट असतो, फेसही जास्त करतो, पण मिरीसारखा झणका त्याचाच. पंधरा-वीस मिनिटं राहू द्या आणि 65 वर उतरण्याची वाट बघा. एवढं भांडं आपोआप थंड व्हायला फार वेळ लागतो, घाई असेल तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बाहेरून नीट धुऊन आत सोडा. 65 झालं का? दोन वेगवेगळ्या जागी थर्मामीटर घालून बघा, वरचा थर थंड आणि मधला गरम असं हमखास असतं. मग उरलेला 900 ग्रॅम माल्ट, नीट ढवळून झाकण, वर जुनी गोधडी गुंडाळून दीड तास. पीएच (आंबटपणाचं माप) 5.2 ते 5.5 मध्ये असला की छान, पट्ट्या दिल्यात.

आयोडीनची छोटी बाटली आहे ती इथे लागते. पांढऱ्या बशीत चमचाभर फक्त पातळ द्रव घ्यायचा, कोंडा नको, कारण कोंडा काहीही झालं तरी काळाच होतो आणि लोक उगाच घाबरून फोन करतात. त्यावर एक थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे, अजून अर्धा तास थांबा. आयोडीनचा मूळ तपकिरी रंग तसाच राहिला तर साखर झाली. बशीतलं फेकून द्या, परत भांड्यात टाकू नका.

मका बाहेरून आणणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण यात आपल्या लोकांची हटकून गफलत होते. भारतात आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो ते नुसतं स्टार्च, मंचुरियनवालं, ते नको. मागे एक गृहस्थ मेक्सिकन दुकानातलं मसा हरिना घेऊन आले, तोर्तियाचं पीठ, स्वस्त होतं म्हणून. ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याने पीएच एवढा वर गेला की माल्टने हातच टेकले. आणि शेतीच्या दुकानातलं गुलाबी-हिरवं बियाणं तर अजिबात नाही, त्यावर औषध चोळलेलं असतं. उकडून चपटे केलेले मक्याचे फ्लेक्स मात्र चालतात, ते शिजवायचा तास वाचतो, पैसे जास्त जातात.

आता फर्मेंटेशन, म्हणजे आंबवणं. 4 लिटर उकळून गार केलेलं पाणी घालून सगळं 28 अंशांच्या आसपास आणा, कोंड्यासकट निर्जंतुक केलेल्या बादलीत ओता. हो, कोंड्यासकट. स्कॉटलंडमध्ये सिंगल माल्टवाले रस गाळून घेतात, केंटकीत गाळत नाहीत, चोथा आतच राहतो. हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या तुलनेत किती दाट ते दाखवणारी नळी) लावायला मात्र थोडं गाळावं लागतं, श्रीखंडाला चक्का बांधतो त्या फडक्यातून गाळा आणि नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरच आकडा बघा. 1.055 ते 1.065 मध्ये काहीतरी यायला हवं. लिहून ठेवा, नंतर कोणालाच आठवत नाही.

यीस्ट 30 अंशांच्या वर टाकू नका, बाकी यीस्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पाकीट फाडा आणि भुरभुरा. बादली काठोकाठ भरू नका, पहिल्या दोन दिवसांत चोथा वर उचलून येतो आणि जाड साय धरल्यासारखी टोपी होते, खालून बुडबुडे फुटत असतात. एअरलॉक (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी) तुंबला तर झाकण उडतं आणि छताला मका चिकटतो, एका ताईंच्या लाँड्री रूममध्ये अजून डाग आहेत म्हणे. बेसमेंट बंद असेल तर खिडकी किलकिली ठेवा, कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो. हिवाळ्यात बेसमेंट 15 अंशांवर जातं तेव्हा यीस्ट झोपतं, बादली वर घरात आणा.

चार ते सहा दिवसांत खळखळ थांबते आणि आकडा 1.000 च्या जवळ येतो. नेहमीच्या बिअरपेक्षा एवढी कोरडी का, तर बिअरचा रस उकळतात त्यात एन्झाइम मरतात, आपण माल्ट घातल्यावर उकळलेलंच नाही म्हणून कात्री बादलीतही चालूच राहते. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131.25 ने गुणा, 1.060 वरून 1.000 ला आलात तर साधारण 7.9 टक्के अल्कोहोल.

चव? खरं सांगतो, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. आंबट, गढूळ, हॉप्स नाहीत त्यामुळे कडवटपणा नाही, थोडी आंबिलीची आठवण येते, मागून भाजलेल्या कणसाचा आणि रायचा वास. गार करून, गाळून, आठवड्याच्या आत प्या, माल्टवरचे लॅक्टिक जिवाणू जिवंत असतात, ते रोज आंबटपणा वाढवतात. डिस्टिलरीवाले हा आंबटपणा मुद्दाम आणतात, आधीच्या भट्टीत उरलेलं आंबट पाणी पुढच्या मॅशमध्ये घालून, त्यालाच सावर मॅश म्हणतात, आपल्याकडे विरजण लावतात साधारण त्या विचाराने. 1830 च्या दशकात जेम्स क्रो नावाच्या स्कॉटिश माणसाने हे इथे मोजूनमापून बसवलं. तो जिथे काम करायचा त्या जागी आज वुडफर्ड रिझर्व्ह डिस्टिलरी आहे, जमलं तर टूर करा, त्यांच्या सायप्रस लाकडाच्या टाक्यांवर वाकून वास घेतलात की तुमच्या बादलीतलाच वास येईल. अशा टूरवर कधीकधी टाकीत बोट बुडवून चाखायलाही देतात.

चोथा सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, सेप्टिक टँक असेल तर अजिबातच नाही. कंपोस्टमध्ये टाका. कुत्र्याला देऊ नका, त्यात दारू मुरलेली असते.

काही बिघडलं तर फोन करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: माल्ट घातला तेव्हाचं तापमान, आयोडीनचा रंग, हायड्रोमीटरचा पहिला आकडा. शक्य असेल तर थर्मामीटरच घेऊन या, आम्ही बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात घालून तपासून देतो, पैसे घेत नाही. गेल्या हिवाळ्यात आलेल्यांपैकी एकाचा थर्मामीटर चक्क 9 अंश कमी दाखवत होता, बिचारा तीन बॅच माल्टला शिव्या देत बसला होता.