पाच मिलिसेकंदांत मावणारे देऊळ

कार्तिक महिन्यात खानापूर तालुक्यातील एका दगडी देवळात काकडारतीचे ध्वनिमुद्रण करताना मी पखवाज, पेटी, दोन टाळ, मुख्य गायक आणि मागची साथ अशा सहाही ट्रॅकवर ‘मोठे सभागृह’ या नावाचा रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाराचा, तयार प्रीसेट लावला होता. माइक तोंडाजवळ आणि वाद्याजवळ असला की वास्तूचा घुमार त्यात फारसा येत नाही, तो नंतर मिसळावा लागतो. प्रोसेसरवरील भार जेमतेम ४० टक्के असल्याचे लॅपटॉपवर दिसत होते, आणि तरीही दर थोड्या वेळाने बुवांच्या हेडफोनमध्ये टक्‌ असा आवाज होऊन सूर तुटत होता.

संगणक आवाज सलग हाताळत नाही. दर सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, घेतले जात असतील आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा गठ्ठा, २५६ नमुन्यांचा असेल, तर प्रोसेसरला दर ५.३ मिलिसेकंदांनी एक गठ्ठा मिळतो आणि पुढचा गठ्ठा येण्याआधी त्यावरचे सगळे गणित पूर्ण करावे लागते. एखादाच गठ्ठा उशिरा झाला तरी तेवढी जागा रिकामी जाते आणि ती कानाला टोचते. पडद्यावरचा आकडा बहुधा सरासरीचा असतो, आणि आवाज तुटतो तो सर्वांत जड क्षणी.

बफर १,०२४ नमुन्यांचा केला तर प्रोसेसरला उसंत मिळते, पण जाताना एक आणि येताना एक असे दोन बफर धरले तरी सुमारे ४३ मिलिसेकंदांचा विलंब होतो. हवेतून ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे १५ मीटर जातो. म्हणजे शेजारी बसलेला पखवाजी गायकाला मंडपाच्या पलीकडच्या टोकाला बसल्यासारखा ऐकू येतो. अशा स्थितीत लय धरून गाणे अवघड असते, म्हणून गाणे चालू असताना बफर लहानच ठेवावा लागतो आणि काटकसर प्रीसेटमध्येच करावी लागते.

प्रीसेट म्हणजे कोणीतरी जतन करून ठेवलेली मूल्ये. त्याच्या नावावरून त्याचे वजन कळत नाही. खर्ज ते तार असे आवाजाचे भाग कमीजास्त करणाऱ्या दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरला प्रत्येक पट्टीमागे एका नमुन्याला साधारण पाच गुणाकार लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २४ लाख, आणि आजच्या प्रोसेसरला हे काहीच नाही. याउलट एखाद्या खऱ्या सभागृहाचा प्रतिसाद, म्हणजे एका क्षणिक आवाजानंतर तिथे उरणारा घुमार, मोजून त्यावरून घुमार घडवणारा कन्व्होल्यूशन रिव्हर्ब घ्या; ‘मोठे सभागृह’ त्यातलेच. त्याच्या तीन सेकंदांच्या प्रतिसादात १,४४,००० नमुने असतात आणि सरळ रीतीने गणित केले तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्यासाठी तितकेच गुणाकार, म्हणजे एका ट्रॅकला सेकंदाला सुमारे ६९१ कोटी. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या शीघ्र फूरिए रूपांतराच्या पद्धतीने हे काम कितीतरी पटींनी कमी होते, आणि म्हणूनच असा रिव्हर्ब साध्या लॅपटॉपवर चालू शकतो. मात्र त्यासाठी प्रतिसादाचे लहानमोठे तुकडे करावे लागतात, आणि मोठ्या तुकड्यांचे काम नीट विभागून दिलेले नसेल तर ते ठरावीक गठ्ठ्यांवर एकदम येऊन पडते. सहाही ट्रॅकवर ते एकाच वेळी पडले की सरासरी ४० टक्के असूनही मुदत चुकते.

इथे गणितातला एक सुंदर गुणधर्म मदतीला येतो. असा रिव्हर्ब रेषीय असतो: सहा आवाजांचे सहा वेगवेगळे घुमार करून बेरीज केली काय, किंवा आधी आवाजांची बेरीज करून तिचा एकच घुमार केला काय, उत्तर तेच येते. म्हणून प्रत्येक ट्रॅकमधून हवा तेवढा आवाज एका सामाईक वाहिनीवर पाठवून तिथे एकच रिव्हर्ब ठेवला, तर श्रोत्याला काहीही न गमावता काम जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. मोठे आवाज आपोआप दाबणाऱ्या कम्प्रेसरला मात्र हे लागू होत नाही. तो रेषीय नसल्यामुळे पखवाजाची थाप मोठी झाली की सामाईक कम्प्रेसर पेटीचाही आवाज दाबतो, त्यामुळे तो ज्याचा त्याला वेगळाच द्यावा. सुदैवाने तो हलका असतो, निदान त्याच्या प्रीसेटमध्ये ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या गणितासाठी नमुन्यांची संख्या वाढवणे, चालू नसेल तोवर. ते चौपट असेल तर त्या भागाचे कामही जवळपास चौपट होते.

त्या देवळात आम्ही शेवटी वाहिनी एकच ठेवली आणि ‘मोठे सभागृह’ काढून टाकले. आरती संपल्यावर गाभाऱ्यासमोर एक फुगा फोडून त्या वास्तूचाच प्रतिसाद मुद्रित केला. तो दीड सेकंदात विरला, म्हणजे आधीच्या प्रीसेटच्या निम्म्या लांबीचा निघाला, आणि रिव्हर्बचे उरलेले कामही त्यामुळे जवळपास निम्मे झाले. दुसऱ्या पहाटे बफर २५६ वरच होता, आणि शेवटच्या गजरापर्यंत सूर कुठेही तुटला नाही.