ब्लूटूथ हेडसेटवरून मोबाईल कॉल

मोबाईल खिशात किंवा गल्ल्यावर ठेवून कानातल्या बिनवायरच्या हेडसेटवरून फोन घ्यायची आणि बोलायची पद्धत. सोलापुरात एका कानाचा जुना हेडसेट, गळ्यातला नेकबँड आणि डबीतले बड्स असे तिन्ही प्रकार दिसतात. टॉवेल-चादरीच्या धंद्यात दिवसभर फोन चालू असतो आणि हात मोकळे नसतात, त्यामुळे मालकापासून जॉबरपर्यंत (कारखान्यातला मागांवर देखरेख करणारा मुकादम) सगळ्यांच्या कानात काहीतरी असतंच.

घेताना लोक कानात लावून गाणं ऐकून बघतात आणि भारी आवाज आहे म्हणून घेऊन टाकतात, पण कॉलमध्ये अर्धं काम माइकचं असतं आणि माइक चांगला नसेल तर ते ज्याच्या कानात हेडसेट आहे त्याला कळतच नाही, पलीकडच्याला कळतं. "आवाज लांबनं यायलाय ओ शेठ" असं व्यापारी म्हणाला की इकडचा माणूस नेटवर्कला दोष देतो, आणि बऱ्याचदा दोष माइकचा असतो. म्हणून कॉलचा हेडसेट घ्यायचा तर दुकानातूनच घरी कोणालातरी फोन लावावा आणि त्यांना विचारावं, तेही दुकानाच्या आत नाही, नवी पेठेच्या रस्त्यावर उभं राहून.

ब्लूटूथचं काम स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत १९९४ साली सुरू झालं, १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा यांनी मिळून त्याची संघटना काढली. हे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर चालतं, वायफायही त्याच पट्ट्यात असतं, म्हणून क्लासिक ब्लूटूथ, म्हणजे हेडसेटमध्ये नेहमी असतं ते मूळ ब्लूटूथ, एका जागी न थांबता ७९ चॅनलमध्ये सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत राहतं.

गाणं आणि कॉल हे ब्लूटूथसाठी दोन वेगळे मोड आहेत. गाण्यात आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो, कॉलमध्ये दोन्हीकडून जातो-येतो, आणि त्यामुळेच गाणं मस्त वाजत असतं आणि कॉल आला की त्याच हेडसेटचा आवाज एकदम डबक्यात बोलल्यासारखा होतो. जुन्या किंवा स्वस्त हेडसेटमध्ये कॉलचा आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांवर चालतो, म्हणजे सेकंदात आवाज ८००० वेळा मोजला जातो, आणि त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि 'स'सारख्या अक्षराची धार नेमकी तिथंच असते. धंद्यात 'सात डझन' आणि 'साठ डझन' यात घोळ झाला तर माल परत येतो, त्यामुळे जाणते लोक "सहावर शून्य साठ" असं फोडून सांगतात. नवीन हेडसेट १६००० नमुन्यांवर चालतात, पण फोन, दोन्हीकडचं नेटवर्क आणि हेडसेट सगळ्यांनी ते पाळलं तरच फरक ऐकू येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चालू यंत्रमागाशेजारी उभं राहून बोलणं ही कुठल्याही हेडसेटची खरी परीक्षा आहे. इथं डब्यावरच्या दोन शब्दांचा फार गोंधळ होतो. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करणारी सोय, पलीकडच्याला तिचा काही उपयोग नाही. ईएनसी म्हणजे माइकमधून जाणाऱ्या आवाजातला गोंगाट काढणं, आणि कॉलसाठी हवं असतं ते हे. आता गंमत अशी की फॅनसारखा सलग आवाज सॉफ्टवेअरला ओळखून काढायला सोपा जातो पण मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा खटाखट ठोका अवघड जातो, तो काढताना बोलणाऱ्याचे शब्दही तुटतात, आणि शेजारी दोघं तेलुगूत बोलत असतील तर ते काढणं त्याहून अवघड, कारण तोही माणसाचाच आवाज. अशा जागी जुन्या पद्धतीची तोंडापर्यंत येणारी दांडी असलेला हेडसेट मला अजूनही सगळ्यात भरवशाचा वाटतो. माइकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि कानातल्या बडचा माइक तर दांडीच्या माइकपेक्षा कितीतरी लांब असतो.

साध्या हेडसेटची रेंज १० मीटरच्या आसपास. तरी फोन मागच्या उजव्या खिशात आणि बड डाव्या कानात असेल तर कॉल तुटू शकतो, कारण अंगातलं पाणी या लहरी शोषतं. खोलीत भिंतीवरून लहरी परत येतात म्हणून निभावतं, होम मैदानासारख्या मोकळ्या जागेत ती सोय नाही, आणि तिथंच भरणाऱ्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत तर अजूनच अवघड. फोन वरच्या खिशात घ्यावा.

गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्यात, येतं. हेडसेटने हात मोकळे होतात पण लक्ष मोकळं होत नाही, आणि दोन्ही कान बंद असतील तर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे दुचाकीवर कॉल घेऊच नये, बाजूला थांबावं. कारखान्यातही तसंच, गोंगाटावर मात करायला लोक व्हॉल्यूम फुल करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्यापेक्षा मोठा असेल तर तास भराभर कमी होतात. लांबचा कॉल असेल तर बाहेर येऊनच बोलावं.

सोलापूरचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि एप्रिल-मे मध्ये उन्हात लावलेल्या गाडीची डिकी त्याच्याही वर तापते, म्हणून डबी तिथं ठेवू नये. टॉवेलच्या कारखान्यात अजून एक त्रास, सुताची बारीक तूस माइकच्या भोकात बसते आणि आवाज दबतो. कोरड्या मऊ ब्रशने हळूच झाडावी, टाचणी घालू नये, आतली जाळी फाटते.