टँडम उडीचे फोटो काढायला हेल्मेटवर कुठला कॅमेरा?

हेल्मेटवर कॅमेरा बसवून देणाऱ्या आमच्या दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी मेगापिक्सेल विचारतो. आम्ही उत्तर देत नाही, काउंटरवरचा काटा पुढे सरकवतो. बॅटरी, कार्ड, लेन्स, सगळं लावून कॅमेरा त्यावर ठेवा. तो हातात नाही, मानेवर वागवायचा आहे.

त्याआधी एक खुलासा. तुम्ही आयुष्यातली पहिली टँडम उडी मारायला निघाला असाल, म्हणजे प्रशिक्षकाला पट्ट्यांनी बांधून विमानातून पॅराशूटने, तर हे पत्रक तुमच्यासाठी नाही. तुमच्या डोक्यावर कॅमेरा कोणी बांधू देणार नाही, आणि देत असेल तर तिथे उडी मारू नका. तुमचे फोटो प्रशिक्षकाच्या मनगटावरचा कॅमेरा काढतो, नाहीतर तुमच्याबरोबर उडी मारणारा तिसरा माणूस. हे पत्रक त्या तिसऱ्या माणसासाठी. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनची शिफारस अशी की कॅमेरा डोक्यावर चढवण्याआधी निदान २०० उड्या झालेल्या असाव्यात. आम्हीही तोच आकडा धरतो. कोणी ६० उड्यांची वही घेऊन आलं तर हेल्मेट मापाला लावून देतो, कॅमेऱ्याची पट्टी बसवून देत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं. जाऊ दे.

मानेचा हिशेब

कॅनन २०० डी मार्क २ ची बॉडी बॅटरी-कार्डासकट ४४९ ग्रॅम. त्यावर १०-१८ मिलिमीटरची लेन्स, २४० ग्रॅम. झाले ६८९. सोनी ए६००० ची बॉडी ३४४ आणि २० मिलिमीटरची चपटी लेन्स ६९, म्हणजे ४१३. फरक पाव किलोच्या थोडा वर. घरी बसून ऐकलं तर काहीच नाही.

पण पॅराशूट उघडताना हिसका बसतो. नेहमीच्या उघडण्यात वजन तीन-चार पट भासतं, आणि एखाद्या दिवशी छत्री फाडकन उघडली तर दहा पटही. मग तोच फरक पावणेतीन किलो होतो, आणि तोही मान वाकलेली असताना. कॅमेरा कानाच्या बाजूला असेल तर हिसक्याबरोबर मान पिळली जाते, म्हणून स्टिल कॅमेरा आम्ही शक्यतो माथ्यावरच बसवतो. व्हिडिओचा छोटा ॲक्शन कॅमेरा बाजूला चालतो, तो दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो.

एक ग्राहक सिग्माची १६ मिलिमीटर एफ/१.४ लेन्स घेऊन आले होते. सुंदर लेन्स आहे, लग्नात वापरा. ४०५ ग्रॅम, म्हणजे ए६००० च्या बॉडीपेक्षा जड, आणि भर उन्हात एफ/१.४ एवढ्या मोठ्या छिद्राचा उपयोग शून्य.

स्विच कुठे लागतो, ते आधी बघा

हात उडण्यासाठी मोकळे हवेत, म्हणून शटर दातांत धरलेल्या स्विचने दाबायचं. त्याची वायर कॅमेऱ्यात जायला भोक हवं. कॅनन १०० डी आणि २०० डी मालिकेत अडीच मिलिमीटरची रिमोट जॅक आहे. सोनी ए६००० आणि ए६४०० ला मल्टी टर्मिनलमधून वायर जोडता येते. कॅनन एम५० हलका, छान, ३९० ग्रॅमच्या आत, पण वायरचा रिमोट लावायची सोयच नाही, फक्त ब्लूटूथ. आमच्या मते तो हेल्मेटसाठी बाद. पुण्याच्या तापकीर गल्लीतून सेकंडहँड बॉडी उचलण्याआधी बाजूचं रबरी झाकण उघडून ही जॅक शाबूत आहे ना ते बघा. बाकी सगळं नंतर.

कॅमेरा स्वतःहून झोपणार नाही अशी सेटिंग करा. विमान वर चढायला वेळ लागतो, आणि दारात उभं राहून दात दाबले की कॅमेरा जागा होईपर्यंत टँडमची जोडी निघून गेलेली असते. विमान सोडतानाचा तो एक फोटो पाहुण्याला, म्हणजे टँडम उडी मारायला आलेल्या माणसाला, सगळ्यात हवा असतो.

फोकस

इथेच लोक फसतात. पाहुणा तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर असतो, मागे नुसतं आकाश, आणि ऑटोफोकस कधीकधी त्या निळ्या रिकाम्यात भरकटतो. म्हणून आमची पसंती हाताने लावून चिकटवलेल्या फोकसला. या कॅमेऱ्यांच्या क्रॉप (एपीएस-सी) सेन्सरवर १८ मिलिमीटर लेन्स एफ/८ ला ठेवून दोन मीटरच्या किंचित पुढे फोकस लावला की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग रिंगवर काळा कापडी टेप.

अडचण अशी की कॅननच्या एसटीएम नावाच्या मोटरवाल्या आणि सोनीच्या बऱ्याच चपट्या लेन्समध्ये रिंग आणि काच यांचा थेट संबंध नसतो, मधे मोटर असते. कॅमेरा बंद-चालू झाला की लावलेला फोकस हलू शकतो, टेप बिचारा रिंग धरून बसतो. अशा लेन्सवर ऑटोफोकसच ठेवावा लागतो. यावर आम्हाला आवडलेली तोड म्हणजे सॅमयांगची १२ मिलिमीटर एफ/२, पूर्ण हाताने चालणारी, २४५ ग्रॅम. ए६००० बरोबर ५८९ ग्रॅम होतात, पण एफ/८ ला एक मीटरवर चिकटवली की विषय संपला. फक्त मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही आणि तो फोटो काढत नाही. हे न सांगितल्यामुळे आमच्या एका ग्राहकाची सकाळची पहिली उडी वाया गेली. चूक आमची होती. आता बिलाच्या मागे लिहून देतो.

१२ मिलिमीटरला चौकटीच्या कडेला चेहरा लांबट होतो, म्हणून पाहुणा मधोमध ठेवा. त्यासाठी डोळ्यासमोर रिंगसाइट, म्हणजे नेम धरायचं छोटं वर्तुळ, लागते. ती घरी आरशासमोर न लावता भिंतीवर तीन मीटरवर खूण करून, फोटो काढत जुळवा.

सोनीची १६-५० मोटरवाली झूम हेल्मेटवर नकोच. चालू केली की नळी पुढे येते, वाऱ्यात हलते.

शटर

छोटं ड्रोग पॅराशूट मागे धरून टँडमची जोडी ताशी सुमारे १९० किलोमीटरने पडते. तुम्हीही तितक्याच वेगाने पडत असता, त्यामुळे माणूस हलत नाही, कपडे हलतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती. तसं लुगडं, ओढणी किंवा मोकळे केस समोर असतील तर शटर १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नका. एरवी १/८०० पुरतं. आकाशामुळे चेहरा काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण टप्पा वर. फाइल जेपेगमध्ये ठेवा. हातात पाऊण मिनिट असतं, त्यात रॉ, म्हणजे कच्ची मोठी फाइल, लिहिता लिहिता कॅमेरा अडकला तर तो तुमची वाट बघणार नाही.

चार हजार मीटरवर खालच्यापेक्षा साधारण २५ अंश थंडी असते, बॅटरी अर्धी असेल तर बदलूनच वर जा.

आम्ही कसं बसवतो

ट्रायपॉडचा एकच पाव इंची स्क्रू असेल तर कॅमेरा त्याभोवती फिरतो. म्हणून पट्टीला मागून आडवी कड देतो आणि स्क्रूला निळं लॉकटाइट, म्हणजे तो सैल होऊ न देणारा गोंद. पट्टीचे कोपरे कानसने गोल करतो. मग शेवटची परीक्षा: पॅराशूटच्या दोरीएवढी नायलॉनची दोरी हेल्मेटवरून सगळ्या बाजूंनी ओढत नेतो. वरून, मागून, तिरकी. जिथे ती अडते तिथे फोम, टेप किंवा पुन्हा कानस. दोरी एकदाही न अडता निसटली तरच हेल्मेट तुमच्या हातात. छत्री उघडताना खरी दोरी अडकली तर आख्खं हेल्मेट एका हाताने सोडून देता आलं पाहिजे, म्हणून हनुवटीचं बकल झटक्यात सुटणारंच लावतो. ते डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांनी, डोळे मिटून पाच वेळा सोडून दाखवल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही.

येताना तुमच्या उड्यांची वही, कॅमेरा लेन्ससकट, आणि उडताना घालता तो चष्मा आणा. दाढी वाढवायचा विचार असेल तर आधी वाढवा आणि मग या, हनुवटीचा कप तिच्यावरूनच मापावा लागतो.