पंधरा मिनिटांचा वीजबाजार

परळीच्या औष्णिक केंद्रातला संच बंद असल्याची बातमी आली की मराठवाड्यात लगेच निष्कर्ष निघतो: आता भारनियमन! 2013च्या दुष्काळात परळी खरोखरच पाण्याअभावी बंद पडलं होतं. एरवी मात्र बऱ्याचदा कारण असतं भाव. कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे युनिटमागचा इंधनखर्च चढतो. दुसरीकडची वीज स्वस्त असेल तर कुणी किती वीज बनवायची हे ठरवणारं राज्य भार प्रेषण केंद्र महागडा संच थांबवून ठेवतं. गावातली डीपी जळून अंधार होतो त्याचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

विजेतली स्पर्धा म्हणजे सिमकार्ड बदलणं, हा दुसरा गैरसमज. दारापर्यंतची तार एकच असते. स्पर्धा वीज तयार करणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत. विक्रेता कुणीही असो, घरात येते ती त्याच जाळ्यातली 50 हर्ट्झची वीज. ‘अमक्या कंपनीची वीज शुद्ध’ ही थापच. प्लगला लावायची ‘वीज बचत’ डबीही त्याच जातीची. आत असतो एक कपॅसिटर. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटच मोजतो, बिल जिथल्या तिथे.

2008पासून देशात वीज एक्स्चेंज, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीचा बाजार आहे. उद्याच्या दिवसाचे पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडतात आणि सकाळी 10 ते 12 या वेळात प्रत्येक तुकड्यासाठी बंद बोली घेतात. समजा, संध्याकाळचा एक तुकडा आहे. पवनवाला 200 मेगावॉट युनिटमागे 1 रुपयाने द्यायला तयार आहे, पहिलं कोळसा केंद्र 300 मेगावॉट 3.20ने, दुसरं 300 मेगावॉट 4.50ने आणि गॅसवाला 9 रुपयांनी. खरेदीत एका वितरण कंपनीला 500 मेगावॉट 10 रुपयांपर्यंत चालतील, एका पोलाद कारखान्याला 150 मेगावॉट 6पर्यंत आणि दुसऱ्याला 150 मेगावॉट 4पर्यंत. विक्री स्वस्ताकडून आणि खरेदी महागाकडून रचली की दोन्ही रेषा 650 मेगावॉटवर छेदतात. भाव ठरतो 4.50. दुसऱ्या कारखान्याला वीज मिळत नाही, दुसऱ्या कोळसा केंद्राची निम्मीच खपते आणि गॅसवाला बाहेर.

1 रुपया मागणाऱ्या पवनवाल्यालाही 4.50च मिळतात. अन्याय वाटतो, पण खरी मेख इथेच आहे. ज्याला त्याला मागितलेलाच भाव दिला तर प्रत्येक जण खरा खर्च लपवून शेवटचा भाव किती लागेल याचा अंदाज बांधत बसेल. एकच भाव असला की खरा खर्च सांगण्यातच फायदा. चढा सांगितला तर रांगेबाहेर जाण्याची भीती. अर्थात विक्रेते पुरेसे असतील तरच.

आता दुपारच्या तुकड्यात 400 मेगावॉट सौर वीज 50 पैशांनी घाला. इतर बोली त्याच ठेवल्या तरी सगळी 800 मेगावॉटची मागणी भागते आणि भाव 3.20वर उतरतो.

जालन्याच्या इंडक्शन भट्टीला, म्हणजे विजेवर पोलाद वितळवणाऱ्या भट्टीला टनामागे साधारण 600 युनिट लागतात. 10 टनांच्या एका हीटमागे, म्हणजे एकदा भट्टी भरून वितळवण्यामागे, या दोन वेळांत 7,800 रुपयांचा फरक पडला. पण एक्स्चेंजवरून वीज घ्यायला जोडणी सहसा 1 मेगावॉट किंवा वरची हवी, पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर हवा आणि भार प्रेषण केंद्राची संमती हवी. एका तुकड्यात 10 मेगावॉट घेतले म्हणजे 2,500 युनिट झाले. ऐन वेळी भट्टी थांबली तरी त्यांचे पैसे द्यावेच लागतात. 2020पासून त्याच दिवशी सौदा करायचा रिअल टाइम बाजार आहे, पण तिथला सौदाही पुरवठ्याच्या तासभर आधी मिटतो. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, फुटण्याआधी तासभर कळवत नाही.

शिवाय 3.20 हा शेवटचा भाव नव्हे. त्यावर पारेषण आणि व्हीलिंग आकार (तारा वापरण्याचं भाडं), वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार चढतो. शेतीपंपाच्या सवलतीचा काही भार कारखान्यांच्या चढ्या दरावर असतो. कारखाना बाहेरून वीज घेऊ लागला की ती तूट या अधिभारातून वसूल करतात. करारातल्या मागणीचा स्थिर आकार महावितरणला द्यायचा तो वेगळाच. कित्येकदा एवढ्यातच दुपारचा फायदा संपतो.